हरवल्याची घोषणा

"अहो, जरा गिऱ्हाइकाकडे बघा," असं म्हणून वत्सला फोन घेऊन स्टॉलच्या बाहेर गेली. तिने फोन डोक्याच्या वर धरला. मग डावीकडे धरला, मग उजवीकडे. समोरून जाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती.

"काय करतेस?" मी विचारलं.

"रेंज शोधतेय. फोटो जाईना."

"मग संध्याकाळी पाठव."

"संध्याकाळी? तिकडं गावात सगळ्या सकाळपासून फोन उघडून बसल्यात. पार्वतीचा दोनदा फोन आला, स्टॉल दिसतो कसा म्हणून."

पुण्यात बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. आम्ही कारळवाडीचे, पाटण तालुक्यातले. गावातल्या बायकांचं मंडळ होतं, ते हातसडीचा तांदूळ, नाचणीचं पीठ, वरी आणि कुळीथ विकायचं. तोवर पाटणच्या आठवडी बाजाराच्या पुढे त्यांचा माल गेला नव्हता. या खेपेला पहिल्यांदा पुण्याला स्टॉल मिळाला होता.

मिळाला तरी यायचं कुणी, हा प्रश्न होता. तेजस्विनीला यायचं होतं. ती मंडळातली सगळ्यात लहान, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन वर्ष झालेलं. स्टॉलवर पैसे घ्यायला जो चौकोनी कागद लावला होता तो तिच्याच खात्याचा. विक्रीचा रुपया न् रुपया तिच्या खात्यात जाणार आणि ती तो मंडळात वाटणार, असं ठरलं होतं. पण तिचे सासरे दिनकरआबा म्हणाले, नवी सून परगावी राहायला जाणार नाही. आबांच्या शब्दाला मंडळात वजन होतं, कारण तांदूळ सडायला, पाखडायला जी जागा होती ती आबांचं रिकामं घर होतं. ते त्यांनी भाडं न घेता दिलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात येऊन म्हणाले, "वैनी, ही एक खेप बघतो. बाहेरगावी काही वेडंवाकडं झालं तर घराला कुलूप लावणार. मग तुमची मुसळं कुठं न्यायची तिकडं न्या."

वत्सला म्हणाली, "बरं, आबा."

मग तिच्या सोबत मी आलो. साखर कारखान्यात वजनकाट्यावर माझी नोकरी झाली होती आणि मी नुकताच रिटायर झालो होतो. मला दुसरं काम नव्हतं.

बाहेर उभ्या उभ्या वत्सलाचा चेहरा एकदम उजळला. "हे बघा. इथलं इंटरनेट आहे. प्रदर्शनाचंच नाव लिहिलंय. फुकट."

तिने नावावर बोट ठेवलं. एक पान उघडलं. त्यावर प्रदर्शनाची निशाणी होती, खाली नंबर मागितला होता. तिने नंबर टाकला. मेसेजने सहा आकडे आले, ते तिने तोंडाने म्हणत म्हणत टाकले. मग तिने फोटो पाठवला, आणि गेला.

"बघा," ती आत येत म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता संध्याकाळी."

नंतर गर्दी झाली. पुण्याच्या बायका तांदूळ हातात घेऊन वास घ्यायच्या आणि विचारायच्या, हा असा तांबूस का. वत्सला प्रत्येकीला सांगायची, कोंडा ठेवलाय म्हणून, भिजत जास्त घाला म्हणून, पहिला भात बिघडेल तर घाबरू नका म्हणून. मी तिला हळूच म्हटलं, "बिघडेल म्हणून कशाला सांगतेस?"

"बिघडतोच की," ती म्हणाली. "सांगितलं नाही तर दुसऱ्यांदा घ्यायच्या नाहीत."

तिचा स्वभावच तसा होता. तिच्या पोटात काही राहायचं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर पाहुण्याने घास घ्यायच्या आधी ती सांगून मोकळी व्हायची. मला कधी कधी अवघडायला व्हायचं.

आमच्या शेजारी यवतमाळकडच्या कुंदा राऊत यांचा स्टॉल होता. जवसाची चटणी, मुगाच्या वड्या. सकाळीच व्यवस्थापकांनी सगळ्या स्टॉलवाल्यांचा फोनवर एक ग्रुप केला होता, त्यामुळे एकमेकींचे नंबर सगळ्यांकडे होते. दुपारी गर्दी जरा ओसरली तशा कुंदाताई मधल्या कापडातून डोकं घालून म्हणाल्या, "वत्सलाताई, काही अडचण हाय काय तुमाले?"

"नाही. का?"

"मंग मले पैसे कायले मागून राह्यल्या? बाजूलेच तर बसल्या आहात. तोंडानं मागा ना."

वत्सला हसली. तिला वाटलं थट्टा आहे. कुंदाताईंनी फोन पुढे केला. त्यावर वत्सलाचं नाव होतं, वत्सलाचा फोटो होता, नऊवारीतला, हळदीकुंकवाच्या दिवशीचा. खाली लिहिलं होतं, कुंदाताई, मी अडचणीत आहे, या नंबरवर लगेच पैसे पाठवा, उद्या परत करते, कुणाला सांगू नका.

वत्सलाने आपला फोन गल्ल्यातून काढला. वॉट्सॲप उघडलं तर ते तिचा नंबर विचारत होतं, जसं काही ती पहिल्यांदाच आलीय.

ती खुर्चीवर बसली.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"ते तर मले दिसूनच राह्यलं," कुंदाताई म्हणाल्या. "तुमी तर इथं कुळीथ तोलत होत्या."

"मग आणखी कुणाकुणाला गेलं असेल?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हा तिघांनाही समजलं. तिकडच्या माणसाला तिचे सगळे ग्रुप दिसत असणार. स्टॉलवाल्यांचा दिसला, तसा मंडळाचाही दिसणार. आणि मंडळात तेजस्विनी होती. तेजस्विनीकडे स्वतःचे कुठले पैसे? वत्सलाकाकूंनी मागितले म्हटल्यावर ती विक्रीचेच पैसे पाठवणार. बायकांनी पहाटे उठून सडलेल्या तांदळाचे.

"तेजस्विनीला लाव," मी म्हटलं.

वत्सलाने साधा फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परत लावला. परत तसंच.

"गोठ्यात असेल," ती म्हणाली. "आता धारेची वेळ नाही, पण वैरण टाकत असेल. पार्वतीला लावते. ती जाईल तिच्याकडे."

पार्वतीने पहिल्या घंटीला उचलला. वत्सलाने स्पीकर लावला, म्हणजे मला ऐकू यावं.

"पार्वती, ऐक, मी बोलतेय. माझ्या नावाने..."

"कोण बोलतंय?" तिकडून आवाज आला. आवाज पार्वतीचाच, पण कडक.

"अगं मी. वत्सला."

"असं कुणीबी म्हणंल. आधी मला हाक मार."

मला वाटलं पार्वतीचं डोकं फिरलं. वत्सलाने मात्र डोळे मिटले आणि तिच्या तोंडावर हसू आलं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर येईल तसं नव्हतं ते.

"ठके," ती म्हणाली. "ठके, मी आहे गं."

"गोदे," पार्वती तिकडून म्हणाली, "तूच हाईस व्हय. मग ठीक हाय. मेली कोण तरी बया तुझ्या नावानं मला पैसं मागाय लागलीया. पार्वतीताई म्हणं. मी म्हटलं, गोदीनं मला जन्मात कधी पार्वतीताई म्हटलंय व्हय?"

मी वत्सलाकडे बघत राहिलो. गोदा हे तिचं माहेरचं नाव. ते मी आमच्या लग्नाच्या पत्रिकेत वाचलं होतं. लग्नात मी ताटातल्या तांदळावर अंगठीने वत्सला लिहिलं आणि ते नाव तिथे संपलं, असं मला तोवर वाटत होतं.

"कुणी पाठवले का गं पैसे?" वत्सला विचारत होती.

"कोण पाठवतंय? चांगुणाला सुमनताई म्हटलंया. झेलूला लक्ष्मीताई. हौसाला तर कमलबाई. समद्या माझ्या ओट्यावर बसून हसत्यात. झेलू म्हणतीया, उत्तर लिहू का, की तुझ्या आयला विचार माझं नाव काय."

मागून बायकांचं हसणं ऐकू आलं. कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मला तरी कुठे काय कळत होतं.

नंतर मला वत्सलाने सांगितलं. मंडळाची पहिली बैठक झाली तेव्हा कुणी बोलेचना. सगळ्या पदर सावरून बसलेल्या. कुणाची सून, कुणाची जाऊ, अशाच ओळखी. तेव्हा हिने विचारलं, तुझं माहेरी नाव काय होतं? एकीने सांगितलं. मग दुसरीने. मग ठरलंच, आबांच्या त्या रिकाम्या घराच्या उंबऱ्याच्या आत आलं की माहेरचं नाव. बाहेर कुणाला सांगायचं नाही असं काही नव्हतं. कुणी विचारलंच नाही. तेजस्विनीने सगळ्यांचे फोन लावून दिले तेव्हा रेशन कार्डावर होती तीच, सासरची नावं टाकली. त्या चोराला तीच दिसली.

पण हे सगळं नंतर. त्या वेळी पार्वती हसत होती आणि वत्सलाचं हसू एकदम गेलं.

"ठके, तेजस्विनीचं काय?"

"काय तेजस्विनीचं?"

"तिचं नाव कुठे बदललंय? आजकालच्या पोरी बदलतात का? तिला माहेरी पण तेजस्विनी आणि इथे पण तेजस्विनी. तिला कसं कळायचं?"

तिकडे हसणं थांबलं.

"अगं आई," पार्वती म्हणाली. "ती तर इथं न्हाय."

"मी फोन लावते तर उचलत नाही. तू जा. आत्ता जा. फोन बंद करू नको."

पार्वतीचे गुडघे अधू. तिचा ओटा गावाच्या खालच्या अंगाला आणि आबांचं राहतं घर वर मारुतीच्या देवळापाशी. आम्हाला फोनमधून तिच्या चपलांचा आवाज येत होता आणि धापा. मध्येच ती कुणावर तरी ओरडली, "सरक की रं, म्हस घे बाजूला." कुणी विचारलं, मावशी कुठं निघालीस पळत, तर म्हणाली, "आग लागलीया," आणि तशीच पुढे गेली. स्टॉलवर एक गिऱ्हाईक नाचणीचा भाव विचारत उभं होतं. कुंदाताईंनी त्याला आपल्याकडे ओढलं.

"वत्सला," मी म्हटलं, "घाबरू नकोस."

"मला माझं काही नाही," ती म्हणाली. "त्या पैशात सगळ्यांचा वाटा आहे. एकदा पैसे गेले की परत कुणी म्हणणार नाही, जा बाई पुण्याला."

फोनमधून पार्वतीचा आवाज आला, "आबा, सून कुठाय?"

मग आबांचा जाड आवाज, "वर माळ्यावर. रेंज धराय गेलीया. काहीतरी पैशाचं हाय म्हणत होती."

वत्सलाने माझं मनगट पकडलं.

"तेजस्विनी," पार्वती ओरडली, "थांब गं पोरी, हात लावू नको कशाला."

जिन्याचा आवाज झाला. मग तेजस्विनीचा. ती वैतागलेली होती.

"काय झालं काकी? मी कुठे कशाला हात लावतेय? गोठ्यातून येऊन मेसेज बघितला, तेव्हापासून वत्सलाकाकूंना फोन लावतेय. बिझी, बिझी, बिझी."

"ती माझ्याशी बोलाय लागलीया," पार्वती म्हणाली आणि बहुतेक तिथेच खाली बसली, कारण पुढचा आवाज तेजस्विनीचाच जवळून आला.

"काकू?"

"पैसे पाठवलेस?"

"नाही."

वत्सलाने माझं मनगट सोडलं. तिथे तिच्या बांगडीचा वळ उमटला होता.

"का नाही पाठवलेस?" तिने विचारलं. तिला आनंद व्हायच्या आधी उत्तर हवं होतं.

"पाठवणारच होते. तुम्ही मागताय म्हटल्यावर काय विचारायचं? पण त्यात लिहिलंय, कुणाला सांगू नका. काकू, तुम्ही असं कधी म्हटलंय का? तुम्ही तर चहात साखर जास्त पडली तरी सगळ्या गल्लीला सांगता. मी म्हटलं, आधी फोन करावा."

कुंदाताई जोरात हसल्या. वत्सला पण हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग तेजस्विनीने विचारलं, आज कुठे आकडे टाकलेत का. वत्सलाने फुकटच्या इंटरनेटचं सांगितलं. तेजस्विनी म्हणाली, "ते प्रदर्शनाचं नसणार. कुणीतरी त्या नावाने आपलं सोडलंय. तुम्ही नंबर दिलात, त्याने तो लगेच आपल्या फोनवर वॉट्सॲपला टाकला. मग वॉट्सॲपने तुम्हाला आकडे पाठवले. ते आकडे इंटरनेटचे नव्हते, काकू. तुमच्या घराची किल्ली होती. तुम्ही ती त्याच्या हातात दिलीत." तो मेसेज परत वाचा, असं ती म्हणाली. वत्सलाने तो काढला. इंग्रजीत होता. वत्सला एकेक अक्षर सांगत गेली आणि तेजस्विनीने अर्थ सांगितला. हे आकडे कुणालाही देऊ नका, असं त्यात लिहिलं होतं.

तेवढ्यात फोन आबांनी घेतला. ते सगळं ऐकत उभे होते.

"वैनी, काय प्रकार हाय हा?"

वत्सला सांगू शकली असती की काही नाही, फोन बिघडलाय. पैसे तर गेले नव्हते. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोटो, रेंज, आकडे, किल्ली. काही गाळलं नाही.

आबा म्हणाले, "हेच. हेच मी म्हणत होतो. आज पैसं वाचलं. उद्या न्हाय वाचणार. तुम्ही दुकान आवरा आणि या. आल्यावर घराचं बघू." आणि फोन बंद झाला.

मी म्हटलं, "आपण आता शांत राहू. हे कुणाला कळायला नको. गावात गेल्यावर मी आबांशी बोलतो."

वत्सला उठली. पदर खोचला. "कुंदाताई, तुम्ही टाकले होते का आकडे?"

"न्हाई बा. माह्या फोनात नेटपॅक भरून हाय."

"बाकीच्यांनी टाकले असतील," वत्सला म्हणाली आणि चालू लागली.

मी तिच्या मागे गेलो. ती सरळ व्यवस्थापकांच्या मांडवात गेली. तिथला माणूस तरुण होता, बोलायला नम्र. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, आम्ही फुकट इंटरनेट ठेवलेलंच नाही. आम्ही पोलिसांना कळवतो. पण माइकवरून नको. लोक घाबरतील. स्टॉल रिकामे होतील, तुमचंच नुकसान होईल. आणि उद्या मंत्री येणार आहेत."

"पोलीस येईपर्यंत किती जणी आकडे टाकतील?"

"आम्ही ग्रुपवर मेसेज टाकतो ना."

"ग्रुपवर आता मी पण आहे," वत्सला म्हणाली. "मी म्हणजे तो. तुम्ही त्याचा मेसेज खोटा म्हणालात तर तो माझ्या नावाने तुमचाच मेसेज खोटा म्हणेल."

माइक शेजारच्या टेबलावर होता. एक मुलगी बसून हरवलेल्या वस्तू सांगत होती. निळ्या फ्रॉकची मुलगी, काळी पर्स. वत्सला तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मला हरवल्याची घोषणा करायचीय."

"काय हरवलं, मावशी?"

"माझं नाव," वत्सला म्हणाली. "म्हणजे फोनमधलं. मीच सांगते, तुला नीट सांगता यायचं नाही."

मी तिच्या कानाशी म्हटलं, "गावाचं नाव तरी घेऊ नकोस. आबांना कळलं तर संपलंच." तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली नाही, आणि माइक हातात घेतला.

वत्सलाला जाऊन आता दोन वर्षं झाली. तिचा आवाज आठवायला गेलो की मला घरातला आवाज सापडत नाही. इतकी वर्षं रोज ऐकला, तरी सापडत नाही. त्या दिवशीचा सापडतो. सगळ्या मैदानभर कर्णे लावलेले होते आणि सगळ्यांतून तीच बोलत होती.

"नमस्कार. मी वत्सला हणमंत साळुंखे, कारळवाडी, तालुका पाटण. आमचा तांदळाचा स्टॉल पाण्याच्या टाकीजवळ आहे. माझं वॉट्सॲप चोरीला गेलंय. चोरीला गेलं म्हणजे मीच दिलं. इथे फोनवर फुकटच्या इंटरनेटचं नाव दिसतं. नाव प्रदर्शनाचं आहे, पण प्रदर्शनवाले म्हणतात ते त्यांचं नाही. मी त्यात माझा नंबर टाकला आणि मेसेजमधले आकडे टाकले. मेसेजमध्ये लिहिलं होतं, कुणाला देऊ नका. मी वाचलं नाही. मला फोटो पाठवायची घाई होती. आता माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तुम्ही पण आकडे टाकले असतील तर बाई, लाजू नका. आधी घरी साधा फोन करा आणि सांगा. मी केला म्हणून आमचे पैसे वाचले. एवढंच सांगायचं होतं." माइकवाल्या मुलीने हात पुढे केला, तेव्हा ही घाईने म्हणाली, "आणि तांदूळ चांगला आहे, येऊन बघा."

मैदानात सगळीकडे कुजबुज सुरू झाली. आम्ही स्टॉलकडे परत येत होतो तर लोक हिच्याकडे बघत होते. माझी मान खाली गेली होती. हिची नव्हती. चेहरा लाल झाला होता, पण मान सरळ.

स्टॉलवर एक बाई उभी होती. चपलांच्या स्टॉलवरची, कोल्हापूरकडची. तिचा नवरा पलीकडे गिऱ्हाईक करत होता. ती अगदी हळू बोलली.

"माझं सकाळीच गेलंय. मी यांना सांगितलं न्हाई. ओरडतील म्हणून. माझ्या भावानं पैसे पाठवले पण. बहीण अडचणीत हाय म्हणून." मग ती रडायला लागली. "तुम्ही बोलला म्हणून मी बोलतीय."

वत्सलाने तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "आधी भावाला फोन लाव," ती म्हणाली. "बँकेला सांगायला सांग. आणि नवऱ्याला मी सांगते. माझ्यावर ओरडू दे."

तिच्या मागून आणखी आल्या. कुणी आकडे टाकले होते आणि अजून काही झालं नव्हतं, कुणी टाकणार होत्या. एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई होत्या, गिऱ्हाईक म्हणून आलेल्या, त्यांनी पण टाकले होते. त्या म्हणाल्या, "मी कधीच कुणाला सांगितलं नसतं." वत्सला प्रत्येकीला तेजस्विनीचा नंबर देत होती. तेजस्विनी तिकडे माळ्यावर बसून एकेकीला सांगत होती, आता काय दाबायचं, कुणाला कळवायचं. तास दोन तास ती माळ्यावरून खाली उतरली नाही. थोड्या वेळाने माइकवरून त्या नम्र माणसाचा आवाज आला, प्रदर्शनात कुठलंही फुकट इंटरनेट नाही, कुणी त्यात नंबर टाकू नये. दर थोड्या वेळाने तो तेच सांगत राहिला. स्टॉल काही रिकामे झाले नाहीत.

वत्सलाचं वॉट्सॲप लगेच परत मिळालं नाही. त्या चोराने वरून आणखी एक कुलूप घातलं होतं, ते निघायला आठवडा लागला. त्या आठवड्यात तिने ओळखीच्या प्रत्येक माणसाला साधा फोन करून आपण कसे फसलो ते सांगितलं. तिच्या मामेसासऱ्यांना पण. ते बहिरे आहेत, त्यांना तीनदा सांगावं लागलं.

पण त्या दिवशी ऊन उतरल्यावर तिने मला म्हटलं, "आता आबांना लावते."

"कशाला? ते रागात आहेत. घरी गेल्यावर बघू."

"घरी जाईपर्यंत त्यांना दुसरं कुणीतरी सांगेल की मी माइकवर कारळवाडी म्हणाले. माझ्याकडून ऐकू दे."

तिने लावला. स्पीकर लावला. तिला माझ्यापासून पण काही ठेवायचं नसायचं.

"आबा, वत्सला बोलतेय. मी इथे सगळ्या मैदानाला माइकवरून सांगितलं, मी फसले म्हणून. कारळवाडीचं नाव घेऊन सांगितलं."

आबा म्हणाले, "गावाचं नाव कशाला घेतलं?"

"बिननावाचं कुणी ऐकत नाही, आबा. कुणीतरी एक बाई फसली म्हटलं की लोकांना वाटतं गोष्ट सांगतेय. नाव-गाव सांगितलं तर लोक फोन बघतात. बऱ्याच जणी वाचल्या. चुकले असेन तर सांगा."

आबांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "आमची सून तवापास्नं माळ्यावर हाय. जेवली न्हाय. कुठल्या कुठल्या बाया फोन करत्यात तिला. मॅडम म्हणत्यात."

"हो. मीच नंबर दिलाय. तिच्यामुळे निभावलं आज."

"तिला यातलं समजतंय," आबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग होता, पण तो आमच्यावर नव्हता, कशावर होता ते सांगता येत नाही. "तुम्हाला समजत न्हाय. न्हाय त्या ठिकाणी आकडं टाकता. आमची सून तिथं असती तर हे झालंच नसतं."

वत्सलाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. तिने एक क्षण पण वाया घालवला नाही.

"खरंय, आबा," ती म्हणाली. "मग पुढच्या खेपेला तिला पाठवा."

फोनमध्ये काही आवाज नव्हता. लांब कुठेतरी म्हैस ओरडली. मला वाटलं त्यांनी फोन ठेवला. मी वत्सलाला खूण केली, बंद कर. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि फोन तसाच धरून उभी राहिली.

मग आबा म्हणाले, "किती दिवस असतंय ते?"

"चार," वत्सला म्हणाली. "पाच धरा."